एक डोळा झाका अन् कॅलेंडर वाचा: डोळ्यांचे नेहमीचे आजार घरच्या घरी कसे ओळखायचे

नागपुरात बर्डीवर चष्म्याच्या दुकानात उभं राहून मला बरीच वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, नंबर काढतो अन् चष्मे बनवून देतो, एवढंच. पण काउंटरवर एक गोष्ट पक्की कळली, डोळा लाल झाला की माणूस घाबरून धावत येतो अन् ज्या आजारानं खरंच नजर जाते तो आजार ना दुखत ना खुपत, वर्षानुवर्षं आत बसून असतो. कारण साधं आहे. डोळे दोन असतात, एक बिघडला की दुसरा त्याचं काम चुपचाप करून टाकतो अन् आपल्याला वाटतं सगळं बराबर चालू आहे.

म्हणून आजाराची नावं नंतर, पहिले ही टेस्ट करा. घरात भिंतीवर कॅलेंडर असतंच. दूरचा चष्मा असेल तर तो लावा अन् दोन्ही डोळ्यांनी चौकटीतली बारीक अक्षरं कशीबशी वाचता येतील एवढ्या अंतरावर उभे राहा. आता तळहातानं एक डोळा झाका, बोटांनी नाही, बोटांच्या फटीतून लेकरं काय मोठी माणसंही चोरून बघतात. अन् दाबू नका, दाबलं की तोच डोळा पुढची दोन मिनिटं धूसर दिसतो अन् उगाच घाबरायला होतं. एका डोळ्यानं वाचा, मग दुसऱ्यानं. दोघांत फरक वाटला तर तो फरक म्हणजेच निरोप, मग तो "थोडासाच" का असेना.

त्याच कॅलेंडरच्या जवळ जा, वाचायचा चष्मा लावा अन् मधल्या एखाद्या तारखेकडे एकटक बघा, परत एकेका डोळ्यानं. आजूबाजूच्या चौकटींच्या रेघा सरळ दिसल्या पाहिजेत. रेघ वाकडी, लाटेसारखी दिसत असेल किंवा मधली चौकट पुसल्यासारखी वाटत असेल तर डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिना) मधल्या भागात काहीतरी गडबड आहे. पन्नाशी-साठीच्या पुढे हे जास्त होतं अन् यात एकदोन महिने थांबून बघण्यात अर्थ नाही, त्याच आठवड्यात पडद्याचा डॉक्टर गाठा.

तिसरी टेस्ट दोघांची. समोरासमोर हातभर अंतरावर बसा. तुम्ही तुमचा डावा डोळा झाका, समोरच्यानं त्याचा उजवा झाकायचा. दोघांनी एकमेकांच्या उघड्या डोळ्यातच बघायचं, नजर हलवायची नाही. मग समोरच्यानं दोघांच्या बरोबर मधून, बाजूनं बोट हलवत हलवत आत आणायचं, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. त्याला दिसलं तेव्हाच तुम्हालाही दिसलं पाहिजे.

ही तिसरी टेस्ट मी माझ्या मोठ्याबाबांमुळे, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावामुळे शिकलो, अन् उशिरा शिकलो. मोठेबाबा वर्षभर डाव्या बाजूनं दाराच्या चौकटीला धडकायचे. सायकल काढताना डाव्या हाताला उभं असलेलं पोट्टं दिसायचं नाही, घरात सगळे हसायचे, "मोठेबाबा ध्यान कुठं असते तुमचं". दुकानात आले, तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचून मोकळे झाले, ६/६. म्हणे "मले सगळं दिसते बावा, फक्त जवळचा नंबर वाढवून दे". मी दिला वाढवून. पुढच्या वर्षी परत आले, परत दिला. तिसऱ्यांदा मी त्यांच्या डाव्या हाताला स्टूलवर चहाचा कप ठेवला अन् ते उठताना कोपर लागून कप खाली. तेव्हा माझी ट्यूब पेटली. बोट बाजूनं आणत गेलो तर डाव्या डोळ्याला बोट जवळपास नाकासमोर आल्यावर दिसलं. काचबिंदू. डॉक्टरांनी प्रेशर मोजलं, नस तपासली, सांगितलं की गेलेली नजर आता परत येत नाही, राहिलेली वाचवू. दोन चष्मे मीच बनवून दिले होते त्यांना, ही गोष्ट मला अजून खुपते.

तर काचबिंदू म्हणजे हे. डोळ्याच्या आतला दाब नसेला सोसवत नाही अन् नस हळूहळू मरते. कडेची नजर पहिले जाते अन् मधली शेवटपर्यंत राहते, म्हणूनच तक्ता वाचणारा माणूस अर्धा आंधळा असू शकतो. साधारण १० ते २१ (मिमी पारा) हा दाब नॉर्मल धरतात पण दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होतो, त्यामुळे फक्त "प्रेशर ठीक आहे" ऐकून घरी येऊ नका, नस बघितली का ते विचारा. आईबाबांना किंवा सख्ख्या भावाबहिणीला असेल तर तुम्हाला व्हायची शक्यता चांगलीच वाढते. मोठ्याबाबांचं कळल्यावर आम्ही सगळ्या भावंडांना नेलं अन् माझ्या बाबांचंही सुरुवातीचं निघालं, त्यांची नजर अजून शाबूत आहे, रोज रात्री एक थेंब. ड्रॉप जन्मभर टाकायचा असतो, बीपीच्या गोळीसारखा, "आता बरं वाटते" म्हणून बंद करायचा नाही, कारण बरं-वाईट यात वाटतच नाही.

एक दुसऱ्या प्रकारचा काचबिंदू मात्र बोंबलत येतो. अचानक एक डोळा लाल, कपाळासकट असह्य दुखणं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी, नजर धूसर अन् वरून उलट्या. उलट्यांमुळे लोक याला पित्त समजतात, अर्धशिशी समजतात, आल्याचा रस पाजतात अन् रात्र काढतात. रात्र काढू नका. रात्री-बेरात्री मेडिकल कॉलेज किंवा मेयो या मोठ्या सरकारी दवाखान्याची कॅज्युअल्टी गाठा, याच्यात तास मोजतात.

मोतीबिंदूबद्दल मी जास्त लिहिणार नाही, सगळ्यांच्या घरी झालेला असतो. पण दोन खुणा लोकांना माहीत नसतात. एक म्हणजे साठीतल्या काकू आनंदानं सांगतात की मला आता चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो, तांदळातले खडे दिसतात, देवाची कृपा. काकू, ती कृपा नाही, आतलं भिंग जाड अन् कडक होऊन मायनसकडे सरकलंय, म्हणजे मोतीबिंदूची सुरुवात आहे, काही दिवसांनी दूरचं अन् जवळचं दोन्ही जातं. दुसरी खूण रात्रीची, वर्धा रोडवर समोरून ट्रकचा लाईट आला की पूर्ण पांढरं होऊन जातं, रस्ताच दिसत नाही. शिवाय रंग फिके पिवळट वाटतात अन् चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो. ड्रॉपनं मोतीबिंदू विरघळत नाही, कोणी कितीही छातीठोकपणे विको. अन् "पिकू द्या मग काढू" हा जुना जमाना झाला, आता कामात अडचण यायला लागली की काढतात, जास्त पिकलेला काढायला उलट अवघड जातो अन् कधी कधी दाबही वाढवतो. ऑपरेशननंतर महिन्या-वर्षांनी परत धूसर झालं तर "मोतीबिंदू परत आला" असं नसतं, भिंगामागची पातळ पिशवी धुरकट होते, लेझरनं दहा मिनिटांत साफ होते. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, दिसणं कमी झालं, तर दिलेल्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी परत जायचं.

शुगरवाल्यांसाठी. शुगर वरखाली झाली की नंबरही वरखाली होतो. दिवाळीच्या आठवड्यात नंबर काढून महागडे प्रोग्रेसिव्ह (दूरचं-जवळचं एकाच काचेत) बनवले अन् महिन्याभरानं शुगर आटोक्यात आल्यावर त्यातून काहीच दिसत नाही म्हणून भांडायला आलेले गिऱ्हाईक मी पाहिलेत. आधी शुगर स्थिर करा, मग चष्मा. पण खरी भानगड पडद्याची आहे. शुगरमुळे पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात अन् बराच काळ काही म्हणजे काहीच जाणवत नाही, ज्या दिवशी जाणवतं त्या दिवशी डोळ्यात रक्त उतरलेलं असतं. म्हणून शुगर निघाली त्याच वर्षी अन् मग दरवर्षी, थेंब टाकून पडदा तपासायचा. चष्म्याच्या दुकानात हे होत नाही, माझ्या दुकानातही नाही.

डोळ्यापुढे माशा उडणं, केस किंवा कोळ्याचं जाळं तरंगल्यासारखं दिसणं, हे वयाप्रमाणे बऱ्याच जणांना होतं अन् जुनी एखादी माशी असेल तर एकदा दाखवून घेऊन विसरून जा. पण एका दिवसात अचानक ढीगभर माशा, अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं, किंवा एका बाजूनं काळा पडदा सरकत येतोय असं झालं तर पडदा फाटलाय किंवा सुटायला लागलाय. मायनसचा मोठा नंबर असलेल्यांना, मार लागलेल्यांना अन् मोतीबिंदू काढलेल्यांना हे जास्त होतं. त्याच दिवशी जा. दुखत नाही म्हणून लोक थांबतात, इथंच फसतात. अन् एका डोळ्यासमोर अचानक पूर्ण अंधार आला, मग तो दोन मिनिटांत निघून का जाईना, तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा, कधी कधी ती लकव्याची आधी वाजलेली घंटी असते.

आता लाल डोळा. याच्यात दहातले बरेच साधे असतात. पावसाळ्यात डोळे येतात तेव्हा खुपतं, पाणी-चिपडं येतं, सकाळी पापण्या चिकटतात, पण चिपडं पुसलं की दिसणं नेहमीसारखं असतं. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळे आले होते तेव्हा माझ्याकडे काळे गॉगल संपले होते, अन् गॉगल घालून लोक एकाच टॉवेलनं तोंड पुसत होते! डोळे आलेल्याकडे बघितल्यानं डोळे येत नाहीत, हातानं अन् टॉवेल-उशीनं येतात. गॉगलनं उजेडाचा त्रास कमी होतो, बस. हात धुवा, उशीचं कव्हर वेगळं, पोट्ट्याला शाळेत पाठवू नका, एक-दोन आठवड्यांत उतरतं.

खाज हीच मुख्य तक्रार असेल, दोन्ही डोळ्यांना, दर उन्हाळ्यात, तर ती ॲलर्जी. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, उडती धूळ, अन् मुलं डोळे चोळून चोळून बेजार. चोळू देऊ नका, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, कारण वर्षानुवर्षं चोळल्यानं बुबुळ पातळ होऊन टोकदार व्हायला लागतं अन् मग चष्म्यानंही नीट दिसत नाही. अन् हे नुसतं कोरडेपणाचं असेल, म्हणजे रेती गेल्यासारखं, जळजळ, अन् गंमत म्हणजे पाणीही येतं, तर कूलर बघा. रात्रभर कूलरचा झोत सरळ तोंडावर घेऊन झोपता अन् दिवसभर मोबाईल, पापण्या मिटणारच किती वेळा. कूलरचं तोंड फिरवा, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर लांब बघा.

डोळ्याच्या पांढऱ्या भागात एकदम लालभडक रक्ताचा डाग, पण दुखत नाही अन् दिसतंय बरोबर, तर बारीक रक्तवाहिनी फुटली, दोन आठवड्यांत जातो, फक्त बीपी मोजून घ्या. रांजणवाडीला गरम शेक, दिवसातून तीन-चारदा पाच-दहा मिनिटं, फोडायची नाही.

मग धोक्याचा लाल कोणता? लक्षात ठेवायला सोपं आहे: लालीसोबत दिसणं कमी झालं, किंवा खरंखुरं दुखतंय, नुसतं खुपत नाही, किंवा उजेड अजिबात सहन होत नाही, किंवा काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय. यातलं एकही असलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांचा लाल डोळा तर मी कधीच साधा धरत नाही, पहिले लेन्स काढा अन् सोबत घेऊन जा.

पांढऱ्या ठिपक्याचं विशेष सांगतो कारण काटोल, उमरेड, भंडाऱ्याकडून येणाऱ्यांत हे फार. धानाचं पातं, सोयाबीनची काडी, तुरीचं खुंट डोळ्याला लागतं, त्या दिवशी फक्त पाणी येतं, माणूस काम चालू ठेवतो. जखमेतून बुरशी आत जाते अन् काही दिवसांत बुबुळावर पांढरट फोड धरतो. एक शेतकरी दादा आले होते, सोबत त्यांचा मुलगा. मुलगा म्हणे "गावातल्या मेडिकलवाल्यानं ड्रॉप देला, दोन दिवस लाली एकदम गेली, मंग एकदमच वाढलं". मी बाटली उलटून बघितली, स्टेरॉईड. स्टेरॉईडनं लाली जादूसारखी उतरते पण बुरशीला ते खतपाणी आहे. तो डोळा पुढे फुलावरच गेला, म्हणजे बुबुळावर कायमचा पांढरा डाग राहिला. म्हणून चिठ्ठीशिवाय कोणताही ड्रॉप घेऊ नका, शेजारणीचा उरलेला तर नाहीच. ॲलर्जीच्या मुलांनाही हेच स्टेरॉईड महिनोन्‌महिने टाकतात अन् दाब वाढून लहान वयात काचबिंदू होतो. आईचं दूध, मध, गुलाबजल, तूप, कुठल्या पाल्याचा रस, हे काहीच डोळ्यात टाकायचं नाही, जखम असताना तर बिलकूलच नाही.

अन् चुना. खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखू-चुन्याच्या) गावात हे लिहिणं भागच आहे. घरात चुन्याची पुडी-ट्यूब पडलेली असते, लेकरू ती दाबतं, फुटते अन् चुना सरळ डोळ्यात. चुना ॲसिडपेक्षा वाईट, आत आत मुरत जातो. दवाखाना नंतर, पहिले नळ. डोळा उघडा धरून निदान वीस-तीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्यानं धुवा, पोट्टं कितीही रडो, एकानं धरा दुसऱ्यानं धुवा. चुन्याचे कण पापणीखाली दिसले तर ओल्या स्वच्छ कपड्याच्या टोकानं काढा. लिंबूबिंबू टाकून "मारायला" जाऊ नका. मग ऑटो करून दवाखाना.

संक्रांतीचं उलट आहे. मांजानं किंवा टोकदार वस्तूनं डोळा कापला असेल तर धुवायचं नाही, दाबायचं नाही, रुतलेलं ओढायचं नाही. कागदी कप उलटा ठेवून वरून चिकटपट्टी लावा म्हणजे डोळ्यावर दाब येणार नाही, अन् काही खायला-प्यायला न देता घेऊन जा, लगेच ऑपरेशन लागू शकतं. हिंगणा एमआयडीसीतले वेल्डिंगवाले भाऊ तर रात्री बारा-एकला उठून बोंबलतात, डोळ्यात मिरची टाकल्यासारखं. काच न लावता आर्क बघितली की सहा-बारा तासांनी हे होतं, एक-दोन दिवसांत उतरतं, पण तपासून घ्या, कधी लोखंडाचा कणही गेलेला असतो. बटाट्याच्या चकत्या लावत बसू नका.

मुलं स्वतः सांगत नाहीत, त्यांना वाटतं जगच असं दिसतं. टीव्हीजवळ जाऊन बसणं, फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवणं, मान वाकडी करून बघणं, उन्हात एक डोळा मिटणं, ह्या खुणा. एक डोळा झाकला की पोरगं चिडतं अन् दुसरा झाकला की काही बोलत नाही, मग समजा की पोरगं चिडलं तेव्हा जो डोळा उघडा होता तो कमजोर आहे. तिरळेपणा "लकी" वगैरे काही नसतो, तीन-चार महिन्यांच्या पुढे डोळा तिरपा जात असेल तर दाखवा. तिरळा किंवा मोठ्या नंबरचा डोळा मेंदू वापरायचं सोडून देतो, सात-आठ वर्षांच्या आत चष्मा-पट्टी सुरू झाली तर बहुतेक वेळा सुधारतो, नंतर फार अवघड. फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत लाल चमक अन् दुसऱ्यात पांढरी असेल तर फोटो डिलीट करू नका, तोच घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा, आत गाठ असू शकते. अन् बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल तर जन्मापासून महिन्याच्या आत पडदा तपासायचाच, दवाखान्यानं सांगितलं नसलं तरी तुम्ही विचारा.

चाळिशी हा आजार नाही. पेपर लांब धरायला लागलात की आली. रस्त्यावरचा शंभराचा चष्मा लावलात तर डोळा खराब होत नाही, पण त्या निमित्तानं जी तपासणी व्हायला पाहिजे होती ती राहते. चाळिशीला एकदा पूर्ण तपासणी करा, मग साधारण दोन वर्षांनी.

डॉक्टरकडे जाताना जुने चष्मे, चालू असलेले ड्रॉप बाटलीसकट, शुगर-बीपीचे कागद अन् घरात कोणाला काचबिंदू होता ते लिहून न्या. "डोळा दुखते" एवढंच सांगू नका, कोणता डोळा, कधीपासून, झाकून बघितल्यावर किती फरक, हे सांगा. बाहुली मोठी करायचा थेंब टाकला की चार-सहा तास जवळचं धूसर अन् उजेड नको नको होतो, म्हणून गाडी चालवायला कोणालातरी सोबत न्या अन् गॉगल ठेवा. मे महिन्यात तर सकाळची पहिली अपॉइंटमेंट घ्या किंवा सरळ संध्याकाळची. माझे बाबा एकदा ऐन दुपारी थेंब टाकून बाहेर पडले अन् दवाखान्याच्या पायऱ्यांवरच डोक्यावर दुपट्टा ओढून बसून राहिले, मी दुकान बंद करून घ्यायला जाईपर्यंत.